तुरटीत बुडवलेला टुटू

कॅनडात रेजिनाला येऊन सहा वर्षं झाली होती, तेव्हा एका चर्चच्या बेसमेंटमध्ये मी बऱ्याच काळानं कापड नीट हातात धरलं. गिऱ्हाईक दुकानात कापड चाचपतं तसं नव्हे. दोन बोटांत चुरून, उजेडापुढे ताणून, कडेचा एक धागा उसवून. इचलकरंजीला एका प्रोसेस हाउसच्या फिनिशिंग खात्यात मी अकरा वर्षं काढली होती. मागावरून उतरलेलं कोरं कापड आमच्याकडे यायचं, आम्ही ते धुऊन, ब्लीच करून, खळ देऊन, स्टेंटरच्या यंत्रावर ताणून बाहेर काढायचो. इथं आल्यावर प्रांत सरकारच्या एका कचेरीत लायसन्सचे अर्ज तपासायचं काम मिळालं. काम बरं होतं, माणसं चांगली होती. कापडाचा विषय मात्र संपला, असंच मी धरून चाललो होतो.

त्या बेसमेंटमध्ये मी जायचो ते लेकीमुळे. ती तेव्हा चौदा वर्षांची होती आणि पाच वर्षं बॅले शिकत होती. बायकोची हॉस्पिटलच्या लॅबमध्ये शनिवारी ड्यूटी असायची, त्यामुळे सकाळी ड्राइव्हवेवरचं बर्फ फावड्यानं काढायचं, गाडी गरम करायची आणि लेकीला क्लासला न्यायचं, हे माझ्याकडे. क्लास दोन तासांचा. मी मागे एका घडीच्या खुर्चीवर कॉफी घेऊन बसून राहायचो.

क्लास चालवणाऱ्या बाई पंचाहत्तरीच्या आसपास होत्या. तरुणपणी विनिपेगमध्ये नाचलेल्या, नंतर लग्न होऊन इकडे आलेल्या. पाठ अजून ताठ, पण खुब्याच्या दुखण्यानं चालताना एका बाजूला कलायच्या. मुली त्यांना 'मिस' म्हणायच्या, मी 'मॅडम'.

दर वर्षी एप्रिलमध्ये त्यांच्या क्लासचा कार्यक्रम असे. त्या वर्षी बाईंनी ठरवलं की त्यात वीस मिनिटं बॅलेच्या घागऱ्याला द्यायची. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला तो कसा होता, मधे कसा झाला, शेवटी कसा आखूड झाला, हे मुलींनी ते घालून, नाचून दाखवायचं. टुटू म्हणतात त्या घागऱ्याला. आपण चित्रात पाहतो तो ताटासारखा आडवा टुटू बराच अलीकडचा. शंभर-दीडशे वर्षांपूर्वी तो घंटेसारखा खाली उतरत असे.

त्यासाठी बाईंनी टोरांटोहून सुती जाळीदार कापड मागवलं होतं. एका शनिवारी त्या आणि दोन मुलींच्या आया लांब टेबलावर ते पसरून उभ्या होत्या. बँडेजच्या कापडाला कडक खळ दिल्यावर जसं दिसेल तसं ते दिसत होतं. एक आई म्हणत होती, आधी धुऊन घेऊ, वास येतोय.

मी खुर्चीवरून उठलो कधी ते मलाच कळलं नाही. "धुऊ नका. खळ निघून जाईल. मग उरेल नुसतं चिरगूट," मी म्हणालो.

तिघीही माझ्याकडे बघायला लागल्या. आरशापुढे पाय ताणत असलेल्या माझ्या लेकीनं मान वळवली. तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलं होतं, बाबा, प्लीज, आता नको.

बाईंनी विचारलं, "तुम्हाला कसं माहीत?"

मी सांगितलं. इंग्रजीत खळीला, मांडाला, स्टेंटरला शब्द शोधत सांगितलं. बाईंनी मधे एकदाही तोडलं नाही. मग खिशातून मापाचा टेप काढून माझ्या हातात दिला. "सहा वर्षं तुम्ही त्या खुर्चीत बसताय आणि हे आज सांगताय?"

सहा नाही, पाचच वर्षं बसत होतो, पण ते मी बोललो नाही.

त्या दिवसापासून शनिवारी मीही टेबलाशी उभा राहू लागलो. कापडाला दोरा घालून चुण्या ओढायच्या, पट्टीला टाचायच्या, पुन्हा वरून दुसरा थर. काम करता करता बाई बोलायच्या. त्यांच्याकडूनच मला ही सगळी हकिकत कळली.

सुरुवातीला नाचणाऱ्या मुली अंगासरसे पातळ झगे घालायच्या. मग १८३०च्या सुमाराला पॅरिसच्या रंगमंचावर हा पांढरा, पोटरीपर्यंतचा, थरांचा घागरा आला. तेव्हाच्या गोष्टीसुद्धा तशाच असत: पऱ्या, प्रेमभंगानं मेलेल्या मुलींचे आत्मे, धुक्यातून येणाऱ्या बायका. नाचणारी हवेत तरंगते असं वाटायला हवं. पायाच्या बोटांच्या टोकांवर उभं राहायचं तंत्र नुकतंच रुजत होतं, आणि पाऊल तेवढं दिसावं म्हणून घागऱ्याची कड वर उचललेली. त्याच काळात थिएटरांत गॅसचे दिवे आले होते. त्या उजेडात पांढरी जाळी चांदण्यासारखी दिसायची, म्हणे. लोक वेडे झाले.

"आणि जळाल्या," बाई टाचण्या तोंडात धरूनच म्हणाल्या.

मी सुई थांबवली.

"पुष्कळ जणी. कुणी विंगेत, कुणी रंगमंचावर. दिवे उघडे असायचे. बसताना घागरा चुरगळू नये म्हणून मुली तो वर उचलून पसरायच्या. तेवढ्या हलण्यानं वारा व्हायचा आणि ज्योत ओढली जायची."

मला समजावून सांगायची गरज नव्हती. उघडी वीण, दोन थरांमध्ये हवा, आत कोरडी खळ. याहून चांगलं जळेल असं कापड करायचं म्हटलं तरी जमणार नाही. मी म्हणालो, "पण यावर उपाय होता. तुरटी, टाकणखार. ते द्रावण दिलं तर सुती कापड पेट घेत नाही. आम्ही शाळेच्या मंडपांचं कापड तसं करून द्यायचो. त्या काळी हे माहीत नव्हतं?"

"माहीत होतं. तसे घागरे करूनही दिले होते. बऱ्याच जणींनी घातले नाहीत."

"का?"

"कडक होतात. मळकट दिसतात. त्यात नाचता येत नाही, म्हणाल्या."

मला हसू आलं, आणि ते मी लपवलं नाही. "म्हणजे सुंदर दिसण्यासाठी जीव दिला. मूर्खपणाच की हा."

बाईंनी टाचण्या एकेक करून तोंडातून काढल्या, टाचण्यांच्या गादीत खोचल्या. रागावल्या नव्हत्या. म्हणाल्या, "तुम्हाला ते द्रावण करता येतं ना? मग एक घागरा तसा करून आणा. मला कार्यक्रमात दोन्ही दाखवायचेत. तुमच्या मुलीच्या मापाचेच करू."

डब्यांतून सुटा माल विकणाऱ्या एका दुकानात मला तुरटी लोणच्याच्या सामानाशेजारी मिळाली, टाकणखार कपडे धुण्याच्या साबणाजवळ. पुढच्या रविवारी आमच्या घराच्या बेसमेंटमधल्या लाँड्री टबात मी दोन्ही कोमट पाण्यात विरघळवलं. प्रमाण हाताला आठवत होतं. घागऱ्याचे चारही थर एकत्र शिवायच्या आधी सुटे बुडवले, पिळले नाहीत, घर गरम ठेवणाऱ्या फर्नेसशेजारी दोऱ्यांवर आडवे वाळत घातले. कितीतरी वर्षांनी मी शीळ घालत होतो. वरून बायको म्हणाली, "खाली काय चाललंय? प्रोसेस हाउस काढलंस की काय?"

दोन दिवसांनी थर वाळले. पांढरेपणावर हलकी राखी छटा आली होती. हात फिरवला की बोटांना बारीक पूड लागायची. पण वीण नीट होती, कुठं डाग नव्हता. काम झकास झालं होतं, आणि मला त्याचा अभिमान वाटला.

शनिवारी लेकीनं आधी साधा घागरा घातला. बाईंनी पियानोची रेकॉर्ड लावली. गिरकी घेऊन ती थांबली, आणि घागरा तिच्यामागून आणखी पाव गिरकी घेऊन, जरा उशिरा, श्वास सोडल्यासारखा खाली बसला. ते मी आजवर शंभर वेळा पाहिलं असेल, पण लक्ष तिच्या पायांकडे असायचं.

मग माझा घागरा. तीच रेकॉर्ड, तीच गिरकी. ती थांबली तसा घागराही थांबला. जागच्या जागी, पुठ्ठ्यासारखा. उडी घेतली तेव्हा तो वर गेला आणि वरच राहिला, मग एका बाजूनं खाली आला. खर्र खर्र असा आवाज येत होता. दुसऱ्या उडीनंतर ती थांबली आणि मांडी खाजवायला लागली.

"इट डझन्ट लिसन टू मी," ती म्हणाली. माझ्याकडे बघून नाही, बाईंकडे बघून.

बाईंनी रेकॉर्ड बंद केली. "बरोबर. हेच त्या म्हणायच्या."

घरी येताना गाडीत लेक म्हणाली की कार्यक्रमात ती तो घागरा घालणार नाही. मी म्हणालो, घालायचा. मी चार दिवस खपलोय. ती म्हणाली, तो खाजतो, त्यात ती वाईट नाचते, आणि सगळे हसतील. मी म्हणालो, "दहा मिनिटांचा प्रश्न आहे. एवढे नखरे कशाला?"

ती खिडकीबाहेर बघत राहिली. अल्बर्ट स्ट्रीटच्या कडेला बर्फाचे ढीग काळे पडले होते. लाल सिग्नलला गाडी थांबली आणि माझ्या लक्षात आलं की मी आत्ता नेमकं कुणासारखं बोललो. पॅरिसमधल्या कुठल्या तरी थिएटरचा मॅनेजरही एका मुलीला असंच म्हणाला असणार. त्याचं म्हणणं तिच्या भल्याचं होतं, माझं तर तेही नव्हतं.

रविवारी दुपारी मी तिला मागच्या अंगणात बोलावलं. दोन पट्ट्या कापल्या होत्या, एक साध्या जाळीची, एक तुरटीतली. बार्बेक्यूच्या लांब चिमट्यात धरून, बर्फावर, आधी तुरटीतल्या पट्टीला लायटर लावला. ती काळी पडली, धूर निघाला, आणि विझली. मग साधी पट्टी धरली. ज्योत टेकली न टेकली तोच आग सरसर वर आली आणि चिमट्यात काही उरलंच नाही. लेक दोन पावलं मागे गेली. तिनं नकळत आपल्या कमरेला हात लावला होता.

ती बर्फावर पडलेल्या राखेच्या काळ्या ठिपक्याकडे बघत होती. मग विचारलं, "डिड यू एव्हर सी इट? लाइक, अ पर्सन?"

"हो," मी म्हणालो. मी पाहिलं होतं. माझी आत्या. मी सातवीत होतो. आत्या तेव्हा आमच्याकडेच राहायची, तिचं लग्न व्हायचं होतं. जमिनीवरच्या रॉकेलच्या स्टोव्हवर ती चहा करत होती, अंगावर नवी नायलॉनची साडी. पदर मागून सुटला आणि स्टोव्हवर आला. वडिलांनी ओलं पोतं टाकून तिला वाचवलं, पण नायलॉन वितळून अंगाला चिकटतं. मानेपासून डाव्या कोपरापर्यंतची कातडी गेली. चार महिने ती सांगलीला दवाखान्यात होती. पुढे कुणी तिच्या लग्नाचं काढलं नाही, तिनंही काढलं नाही. गल्लीतल्या बायका म्हणायच्या, स्टोव्हपुढे नायलॉन नेसायची हौस नडली. आमच्या घरातही म्हणायचे. मोठा झाल्यावर, टेक्स्टाइल शिकून आल्यावर तर मी जास्तच म्हणायचो. कारण आता मला त्यामागचं शास्त्र माहीत होतं.

लेकीनं आत्याला व्हिडिओ कॉलवर अनेकदा पाहिलं होतं. पूर्ण बाह्यांचा ब्लाउज, खांद्यावरून घट्ट पदर. त्यामागे काय आहे हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. मीच सांगितलं नव्हतं.

"कॅन आय आस्क हर?"

मी नको म्हणालो. ती म्हणाली, "बाबा, तू कधी विचारलंस?" हे तिनं मराठीत विचारलं.

आत्याची सकाळ झाली तेव्हा आम्ही फोन लावला. इकडे जेवणं व्हायची होती. आत्या तुळशीला पाणी घालून आली होती, फोन डब्याला टेकवून समोर बसली. लेकीनं आधी टुटू दाखवला, मग मोडक्यातोडक्या मराठीत त्या नाचणाऱ्या मुलींचं सांगितलं. अडलं तिथं मी जोडून दिलं. आत्या लक्ष देऊन ऐकत होती.

मग लेकीनं विचारलं, "आत्याआजी, त्या दिवशी तू ती साडी का नेसलीस?"

मला वाटलं आत्या विषय बदलेल. तिनं चष्मा काढून पदरानं पुसला.

"इतक्या वर्षांत हे विचारलं नाही गं कुणी," ती म्हणाली. "सगळ्यांनी सांगितलं, विचारलं नाही. अगं, हलकी होती. आमची सुती लुगडी असायची जाडीभरडी. पाणी भरताना भिजली की पायात गोळा व्हायची, चालताना फटके बसायचे. ही नेसली की अंगावर काही आहे असं वाटायचंच नाही. विहिरीवरून घागर घेऊन मी भरभर यायची त्या साडीत. जिना तर पळत चढायची. चांगली दिसायची, ते आहेच. पण मला ती बरी वाटायची. माझं अंग मला हलकं वाटायचं."

"तुला राग येतो तिचा?" लेकीनं विचारलं.

"साडीचा? नाही. स्टोव्हचा येतो. चुलीपेक्षा चांगला म्हणून आणला होता, जमिनीवर ठेवला. ओट्यावर ठेवला असता तर?" मग ती माझ्याकडे बघून म्हणाली, "तू डोळे पुस आधी. पोरगी बघतेय."

फोन ठेवून आम्ही जेवायला बसलो. आत्याला मी आजवर काय काय बोललो होतो, सणासुदीला सगळ्यांसमोर शास्त्र समजावून सांगत, ते मला आठवत होतं. ती प्रत्येक वेळी मान हलवून 'हो बाबा' म्हणायची.

शनिवारी मी बाईंना म्हणालो, "मी त्यांना मूर्ख म्हणालो होतो. तो शब्द मागे घेतो."

बाई म्हणाल्या, "त्यांच्यातल्या बहुतेक गरीब घरच्या मुली होत्या. अंगाशिवाय हातात दुसरं काही नव्हतं. त्या अंगाला काय चालतं, काय नाही, हे त्यांना कळत होतं. दिव्यांना काचा लावा, तारेच्या जाळ्या लावा, असं त्यांना म्हणता आलं नाही. तेवढं त्यांचं ऐकणारं कुणी नव्हतं. घागरा नको, एवढंच त्यांना म्हणता येत होतं." मग त्या म्हणाल्या, "मीही नाकारला असता. माझ्या विसाव्या वर्षी. नक्की."

कार्यक्रमात काय करायचं हे शेवटी लेकीनंच ठरवलं. दोन्ही घागरे घालायचे, पण एकामागून एक, आणि नाच तोच. बाईंनी लगेच होकार दिला. मी आतून अस्तर लावून दिलं, म्हणजे खाजणार तरी नाही. तुरटीतल्या कापडाला इस्त्री लावली की ते कच्चं होतं, म्हणून चुण्या हातानं दाबून बसवल्या.

एप्रिलमधल्या त्या संध्याकाळी एका शाळेच्या हॉलमध्ये दीडेकशे लोक होते, बहुतेक आईबाप आणि आजीआजोबा. बाईंनी माइकवर थोडक्यात हकिकत सांगितली. टुटू या शब्दाबद्दल सांगितलं तेव्हा हशा झाला. फ्रेंच लहान मुलं ढुंगणाला जे म्हणतात त्यावरून तो आला, असं म्हणतात. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी इटलीत शिकलेल्या मुली गिरक्या आणि पायांचं अवघड काम घेऊन आल्या, ते दिसायला हवं म्हणून त्यांनी घागरा गुडघ्याच्या वर नेला. तो सर्वांत लहान मुलींनी घालून दाखवला.

त्याआधी लेकीचा नंबर होता. साध्या घागऱ्यात ती नाचली. मग अंधार, मिनिटभर थांबून पुन्हा उजेड, आणि दुसऱ्या घागऱ्यात तीच पावलं. पहिल्या उडीला मागच्या रांगेतून कुणी तरी फिस्सकन हसलं. लेकीला ते ऐकू गेलं असणार, कारण मलाही गेलं. ती थांबली नाही. कपडा ऐकत नसताना तिनं गिरकी घेतली, हात अगदी सावकाश खाली आणले आणि तशीच ताठ उभी राहिली. टाळ्या वाजायला थोडा वेळ लागला. मग बऱ्याच वाजल्या.

बाहेर पार्किंग लॉटमध्ये चिखल आणि वितळलेलं बर्फ झालं होतं. विंटर टायर अजून काढले नव्हते. लेक मागच्या सीटवर घागऱ्यांची पिशवी ठेवून पुढे येऊन बसली. "दुसऱ्यात मी वाईट नाचले ना?" तिनं विचारलं.

"हो," मी म्हणालो.

"गुड," ती म्हणाली आणि बूट काढून पाय डॅशबोर्डवर ठेवले.

दोन वर्षांनी तिनं बॅले सोडला. तिला वाईट वाटलं, पण फार नाही. तोवर तिला व्हॉलीबॉलचं वेड लागलं होतं. बाईंच्या खुब्याचं ऑपरेशन झालं आणि त्या विनिपेगला बहिणीजवळ राहायला गेल्या. जाताना त्यांनी तिन्ही काळांचे घागरे एका सास्काटूनच्या क्लासला देऊन टाकले. तुरटीतला मात्र देण्यासारखा राहिला नव्हता. घड्यांवर पिवळा पडला होता, आणि मी उचलला तसा तो चुण्यांच्या रेषेवर हातात फाटला.